स्कूबाचे आठ डाइव्ह झालेत, मालदीवची सात रात्रींची लाइव्हअबोर्ड (बोटीवरच राहून डाइव्ह करायची सफर) बुक करू का?

नका करू. निदान या वर्षी नको.

तुम्ही लिहिलंय की ओपन वॉटरचं, म्हणजे स्कूबाच्या पहिल्या कोर्सचं कार्ड आहे, अंदमानात हॅवलॉकला आठ डाइव्ह झालेत आणि 'पोहणं तर लहानपणापासून येतं'. हे शेवटचं वाक्य वाचलं म्हणून लिहायला बसले. एरवी मी इथं नुसती वाचत असते.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात. मळ्यातली विहीर दहा परस खोल. माझा मोठा भाऊ सातव्या वर्षी पाठीला डबा बांधून तिच्यात उतरला, पुढच्या उन्हाळ्यात डबाही सुटला. आम्ही मुली थारोळ्यात पाय सोडून बसायचो आणि पोरांचे कपडे राखायचो. कुणाची कळशी विहिरीत पडली की शेजारच्या मळ्यातून भाऊला बोलावणं यायचं. एका दमात तळ गाठून कळशी तर आणायचाच, वर पुरावा म्हणून मूठभर गाळही. मी पोहायला शिकले पस्तिसाव्या वर्षी, जळगावच्या तलावात, सहा-सात वर्षांच्या पोरांच्या बॅचमध्ये. त्यावरून घरात काय काय ऐकलंय ते सोडा.

भाऊ आणि मी, दोघांनी हॅवलॉकला ओपन वॉटर केलं, पुढच्या वर्षी ॲडव्हान्स्ड. या 'ॲडव्हान्स्ड' शब्दाला भुलू नका. ओपन वॉटरचे चार डाइव्ह आणि वरचे पाच, नवव्या डाइव्हला कार्ड हातात. खोलीची मर्यादा अठरा मीटरवरून तीस मीटरवर जाते. अंगात काही येतंच असं नाही.

कोर्समध्ये प्रशिक्षकानं भाऊला दोनदा खूण करून टोकलं, कारण तो श्वास धरून ठेवायचा. विहिरीत हीच त्याची कमाई होती. तिथं हवा वरूनच भरून नेलेली असते, त्यामुळे वर येताना ती मूळ मापाला येते, बस. टाकीतली हवा तुम्ही खालच्या दाबावर घेता. दहा मीटरवर छाती भरून घेतली आणि दम धरून वर आलात, तर तीच हवा पृष्ठभागावर दुप्पट होते. फुप्फुस फाटायला तेवढं पुरतं. म्हणून स्कूबाचा पहिला नियम, श्वास कधीही धरायचा नाही. विहिरीत शिकलेल्याला आधी हे विसरावं लागतं. मला विसरायला काही नव्हतंच.

मग मालदीव. भाऊचं जिनिंग आहे, पैशाची अडचण नव्हती. फॉर्ममध्ये किती डाइव्ह झालेत असा रकाना होता. मी चौदा लिहिले, भाऊनं चाळीस. मी विचारलं तर म्हणाला, "आपली विहीर कितली खोल व्हती, याद शे ना?" म्हणजे विहिरीतल्या बुड्याही धरल्या होत्या! आणि बोटवाल्यांनी माझे चौदा बघूनही मला घेतलं, हेही लक्षात ठेवा.

तिसऱ्या दिवशी सकाळी चॅनलचा डाइव्ह. तिकडे कंडू म्हणतात, प्रवाळद्वीपाच्या कड्यातली खिंड, जिच्यातून समुद्राचं पाणी आत-बाहेर करतं. पाणी आत येत असेल तर तोंडाशी शार्क जमतात. पंचवीस मीटरवर कडेच्या मेल्या खडकात आपल्याला दोरीनं बांधलेला हुक अडकवायचा आणि वाऱ्यातल्या पतंगासारखं लोंबकळत बघत राहायचं. प्रवाह असा की मान वळवली तर मास्क निघेल असं वाटावं. भाऊ पाय मारत राहिला. प्रवाहाशी कुस्ती. हुक लागायला त्याला सात-आठ मिनिटं लागली.

आता हिशेब बघा. बारा लिटरची टाकी, दोनशे बार दाबानं भरलेली (बार हे दाबाचं माप), म्हणजे चोवीसशे लिटर हवा. पंचवीस मीटरवर वरच्यापेक्षा साडेतीनपट हवा लागते. शांत माणसाला पन्नास बार राखून पंचवीसेक मिनिटं मिळतात. भाऊनं सतराव्या मिनिटाला मला मूठ दाखवली. मूठ म्हणजे पन्नास बार. माझ्याकडे एकशे दहा होते. पण जोडीदार निघाला की आपणही निघायचं, त्यात विचार करायचा नसतो. निळ्या पाण्यात, ना तळ ना भिंत, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबलो. भाऊ वर उसळू नये म्हणून मी त्याचा पट्टा धरून होते. नारिंगी सॉसेज, म्हणजे बोटीला दिसावी म्हणून वर सोडायची फुगवलेली नळी, मी सोडलं. धोणी, म्हणजे टाक्या वाहणारी छोटी बोट, आम्हाला सापडायला वीस मिनिटं लागली.

गावी आल्यावर गोष्ट अशी झाली की 'हिला धाप लागली म्हणून मला वर यावं लागलं'. तीन लग्नांत ऐकली. शार्कही दर लग्नाला वाढतात.

तर बोट कशी निवडायची? सरासरी बघू नका, त्या मार्गावरचा सगळ्यात अवघड डाइव्ह बघा. लाइव्हअबोर्डवर रोज तीन-चार डाइव्ह असतात, थकवा साठत जातो आणि तुमच्या एकट्यासाठी बोट मार्ग बदलत नाही. अजून हॅवलॉकला वीसेक डाइव्ह करा. मालवण-तारकर्लीला प्रशिक्षक मागून टाकी धरतो, तो डाइव्ह मोजू नका. मग थायलंडचं सिमिलन, खाओ लाकहून निघणारी चार दिवसांची बोट. ऑक्टोबरच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतच चालू असतं. मी नंतर तिथं गेले, मैत्रिणीबरोबर. तांबड्या समुद्रात ब्रदर्स, डेडॅलस या भर समुद्रातल्या जागांकडे जाणाऱ्या बोटी पन्नास डाइव्हची नोंद मागतात. मागणारी बोट चांगली समजा. कोमोडो, गालापागोस आता मनातही आणू नका.

गाइडमागे किती माणसं ते विचारा. आणि रात्री कुणी जागं राहतं का, हे तर विचाराच. २ सप्टेंबर २०१९ ला कॅलिफोर्नियाजवळ कॉन्सेप्शन नावाच्या डाइव्ह बोटीला पहाटे आग लागली. खाली झोपलेले चौतीसच्या चौतीस जण गेले. रात्रीचा पहारा नव्हता, आग वेळेत कुणाला कळलीच नाही. जमत नसेल तो डाइव्ह सोडा, डेकवर चहा प्या. पैसे वाया गेले म्हणणारे म्हणू देत.

परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर किमान अठरा तासांनी घ्या. दमा किंवा कानाचं दुखणं असेल तर आधी डॉक्टर. मी स्वतः दोनच लाइव्हअबोर्ड केल्यात, हेही ध्यानात घ्या. आणि मालदीवचे सगळे मार्ग तसे नसतात, सोपेही असतात, फक्त जाहिरातीत ते कळत नाही.

लॉगबुकात जोडीदाराची सही लागते. माझ्या एकोणिसाव्या डाइव्हच्या पानावर दोघांची हवा लिहिली आहे, एकशे दहा आणि पन्नास, आणि खाली भाऊची सही. भाऊबीजेला जाताना ते पिशवीत टाकणार आहे.