युद्धाला विरोध असलेला माणूस युद्धकैदी कसा होऊ शकतो?

होऊ शकतो, कारण बंदूक नाकारली तरी तो रणांगण सोडत नाही. दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटनचं 'फ्रेंड्स ॲम्ब्युलन्स युनिट' घ्या. क्वेकर या युद्धविरोधी ख्रिस्ती पंथातल्या लोकांनी उभी केलेली ही स्वयंसेवकांची तुकडी. शस्त्र हाती धरणार नाही, पण जखमी कुठल्याही बाजूचा असो, त्याला उचलणार, हा त्यांचा बाणा. एप्रिल 1941 मध्ये जर्मनीने ग्रीसवर चाल केली, तेव्हा त्यांतले काहीजण पकडले गेले आणि कैदी छावण्यांत पोचले.

खरं तर 1929 च्या जिनिव्हा करारानुसार डाव्या दंडावर रेडक्रॉसची शिक्का मारलेली पट्टी बांधणारा वैद्यकीय सेवक युद्धकैदी मानलाच जात नसे. वाट मोकळी होताच त्याला परत पाठवायचं असे. प्रत्यक्षात छावणीत शेकडो आजारी, मग सोडणार कोण? अनेक वैद्यकीय सेवकांना वर्षानुवर्षं तिथेच राबावं लागलं. ऑक्टोबर 1943 मध्ये स्वीडनमधलं गोटेनबर्ग आणि स्पेनमधलं बार्सिलोना या बंदरांमार्गे दोन्ही बाजूंच्या कैद्यांची अदलाबदल झाली, तेव्हा कुठे काहींची सुटका झाली.

अशा माणसांना भित्रं म्हणणं मला अजिबात पटत नाही. गोळ्या चालू असताना स्ट्रेचरचे दांडे धरले की दोन्ही हात अडकतात, अंग झाकायलाही मोकळे राहत नाहीत.