इंग्रजीतील ‘मॅरो’ या शब्दाचे नेमके अर्थ कोणते? बोन मॅरो आणि मज्जारज्जू एकच का?

आपण विचारले आहे की, शब्दकोशात मॅरोचे अर्थ मज्जा, गाभा आणि एक भाजी असे वेगवेगळे दिलेले दिसतात, तर त्यांतला कोणता कुठे घ्यायचा. आणि नात्यातल्या एका मुलाला डॉक्टरांनी बोन मॅरोची तपासणी सांगितली आहे, त्यात पाठीच्या मज्जारज्जूतून काही काढून घेतात का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते तातडीचे आहे: नाही, मज्जारज्जूचा या तपासणीशी काहीही संबंध नसतो.

मी नागपुरात जीवशास्त्र शिकवते आणि हा घोळ विद्यार्थ्यांपासून पालकांपर्यंत सगळ्यांच्या मनात असलेला पाहते. त्याला लोकांचे अज्ञान कारणीभूत आहे असे मला वाटत नाही. दोष परिभाषेचा आहे. हाडांच्या पोकळीतील मऊ पदार्थाला आपण अस्थिमज्जा म्हणतो, आणि कण्यातून जाणाऱ्या चेतातंतूंच्या जाड दोरीला मज्जारज्जू. इंग्रजीतही पूर्वी या दोरीला ‘स्पायनल मॅरो’ म्हणत असत, आणि लॅटिनमधील ‘मेड्युला’ हा शब्द आजही दोन्हीकडे वापरला जातो. दोन्ही वस्तू हाडाच्या आत असतात आणि मऊ असतात, एवढेच त्यांच्यातले साम्य. अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होतात, तर मज्जारज्जू मेंदूचे निरोप शरीरभर पोहोचवतो. (‘मज्जा आली’ मधली मज्जा तिसरीच; ती फारसीतून आलेल्या ‘मजा’ची लाडकी बहीण.)

तपासणीसाठी रुग्णाला कुशीवर किंवा पालथे झोपवून कमरेच्या हाडाच्या मागच्या कडेवरची जागा बधिर करतात आणि सुईने थोडीशी मज्जा ओढून घेतात. गरज असल्यास त्याच भागातून हाडाचा बारीक तुकडाही काढतात. लहान मुलांना बहुधा गुंगीचे औषध देऊन हे केले जाते. मज्जा ओढताना क्षणभर कळ येते, हे खरे आहे आणि ते रुग्णापासून लपवू नये. मात्र सुई कण्यात जात नाही, त्यामुळे या तपासणीने पाय अधू होण्याची भीती निराधार आहे. कण्यातील पाणी काढण्याची तपासणी निराळी असते; रक्ताच्या कर्करोगात कधी कधी दोन्ही कराव्या लागतात, म्हणून नातेवाइकांच्या बोलण्यात त्यांची सरमिसळ होते. त्या तपासणीतही सुई कमरेच्या खालच्या मणक्यांमधून घालतात, तर मोठ्या माणसाचा मज्जारज्जू त्याच्या वरच, साधारण कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपलेला असतो.

आता स्वयंपाकघरातील मॅरो. सावजी खानावळीत रश्श्याबरोबर जी नळी मागवली जाते, तिच्यातला गर म्हणजेच मॅरो. इंग्रजी खाद्यलेखनात ‘बोन मॅरो’ दिसले की ‘नळीतला गर’ असे बिनदिक्कत समजावे. नळी चोखल्याने रक्त वाढते, ही समजूत मात्र टिकत नाही. जन्माच्या वेळी जवळपास सगळ्या हाडांत रक्त तयार करणारी लाल मज्जा असते. वय वाढते तशी हातापायांच्या लांब हाडांत तिची जागा पिवळी मज्जा घेते, आणि पिवळी मज्जा म्हणजे मुख्यत्वे चरबी. लाल मज्जा शेवटी कमरेचे हाड, छातीचे हाड, बरगड्या, मणके अशा ठिकाणी उरते, आणि तपासणीसाठी कमरेचे हाड निवडण्याचे एक कारण हेच आहे. आपल्या नळीत येतो तो गर बहुतांशी चरबीचाच असतो. चवीसाठी खावा, औषध म्हणून नव्हे.

भाजीचा अर्थ ब्रिटिश इंग्रजीपुरता आहे. तिकडे झुकिनीच्या जातीचे मोठे वाढलेले फळ मॅरो या नावाने विकतात. आपल्या बाजारात ते सहसा नसते. लौकी आणि कोहळ्याच्या कुळातले समजून पुढे जावे. लाक्षणिक अर्थही सोपा आहे: थंडी ‘मॅरोपर्यंत’ गेली, म्हणजे मराठीत ती हाडांत शिरली, आणि एखादा स्वभाव मॅरोपर्यंत असेल, तर तो हाडीमासी खिळलेला. अशा वाक्यांत मज्जा हा शब्द आणूच नये.

विदर्भात हा शब्द सर्वाधिक ऐकू येतो तो सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारामुळे. या आजारात मज्जा काम थांबवत नाही, उलट जास्तच राबते. पण तिने घडवलेल्या तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन सदोष असल्याने त्या १२० दिवसांऐवजी साधारण १० ते २० दिवसच टिकतात. म्हणूनच दुसऱ्याच्या निरोगी मज्जेतील मूळ पेशी (स्टेम सेल, ज्यांच्यापासून रक्तपेशी बनतात) देणे, म्हणजे बोलीत ‘मॅरो बदलणे’, हा आजार मुळापासून काढण्याचा एक मार्ग ठरतो. तो खर्चिक आणि जोखमीचा असल्याने प्रत्येक रुग्णासाठी सुचवला जात नाही. भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण (कोणत्याही आजारासाठीचे) मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ साली झाले.

दवाखान्यात ‘मॅरो मॅच झाला का’ असे विचारतात, तेव्हा प्रत्यक्षात मज्जा जुळवून पाहिलेली नसते. रक्तातून किंवा गालाच्या आतून घेतलेल्या पेशींवरून ‘एचएलए’ नावाच्या खुणा तपासलेल्या असतात, आणि सख्ख्या भावंडांपैकी प्रत्येकाशी त्या पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के असते. दात्याच्याही कण्याला कोणी हात लावत नाही: मूळ पेशी भूल देऊन कमरेच्या हाडातून घेतात, किंवा काही दिवस इंजेक्शने देऊन हाताच्या शिरेतून यंत्राद्वारे वेगळ्या करतात. रक्तगट जुळलाच पाहिजे असेही नाही. तो वेगळा असला तरी प्रत्यारोपण होऊ शकते, आणि ते यशस्वी झाल्यावर काही महिन्यांत रुग्णाचा रक्तगट बदलून दात्याचा होतो.