आधी साखळी, मग तुकडा

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. लस टोचून आणल्यापासून साखळी वाजली की तुमचा मोती खाटेखाली घुसतो आणि शेजारच्या आजी म्हणतात, "कुत्रं येडं व्हयी गयं." येडंबिडं काही नाही. कशाच्या मागून काय येतं याचा हिशेब त्याचं शरीर दिवसभर मांडत असतं, तू शिकवायला बसलेली असो वा नसो.

तुमच्याच गोठ्यात बघ. पहाटे बादलीची कडी वाजली, पाटीत सरकीची ढेप पडली, की गाय पान्हा सोडायला लागते. वासरू अजून दाव्यालाच असतं, कासेला कुणाचा हात लागलेला नसतो, तरी मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि सडांत दूध उतरतं. एरवी त्या कडीचा नि दुधाचा संबंध काय? पण रोज कडीमागून वासरू येतं, म्हणून नुसती कडीही पुरते. गोठ्यात आरडाओरडा झाला तर तीच गाय पान्हा चोरते.

इव्हान पाव्हलॉव्ह यांनी रशियात हेच कुत्र्यांच्या लाळेवर मोजलं. गडी मुळात पचनाचा अभ्यासक. 1904 चं नोबेलही त्याच कामाला मिळालं. खाणं आणणाऱ्याची चाहूल लागताच कुत्र्यांना लाळ सुटते, हे त्यांनी हेरलं. मग आधी मेट्रोनोमची, म्हणजे ठेका देणाऱ्या यंत्राची टकटक, मागून खाणं, असं वारंवार केल्यावर नुसत्या टकटकीलाही लाळ येऊ लागली. मानसशास्त्राच्या पुस्तकांत याला अभिजात अभिसंधान म्हणतात.

मोतीच्या हिशेबात टकटकीच्या जागी साखळी आहे आणि खाण्याच्या जागी सुई. लाळ त्याच्या हातात नाही, तशी छातीतली धडधडही नाही. तेव्हा रागावू नकोस आणि पाय धरून बाहेर तर मुळीच ओढू नकोस. साखळीच्या नावावर आणखी एक वाईट गोष्ट लागेल. "जवळ घेतलं की भित्रा होतो" हे लोकांचं म्हणणं मला पटत नाही. पाठीवरून हात फिरवल्यानं कुणाची भीती वाढत नाही.

आता तुझ्या युक्तीबद्दल. भाकरीचा तुकडा दाखवून तू त्याला बोलावतेस आणि तो खात असताना पट्ट्यात साखळी अडकवतेस. गाडी इथंच अडते. क्रम उलटा पडला. भाकरी आली की मागून साखळी येते, एवढंच तो यातून शिकतोय. असंच चालू ठेवलंस तर उद्या भाकरीलाही बिचकेल.

आधी साखळी, मग तुकडा. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला कुणाला तरी साखळी हळूच वाजवायला सांग. आवाज झाला, क्षणभर थांबलीस, की तुकडा. साखळी गप्प, की खाऊ बंद. खाऊ रोजचा नको: उकडलेली बिनमसाल्याची कोंबडी किंवा अंडं. आपलं भरीत देऊ नकोस बरं, कांदा-लसूण कुत्र्याला विषारी. तो कान टवकारतो पण खातो, ते अंतर बरोबर. तुकडा हुंगून सोडून दिला, तर साखळी फार जवळ आहे, लांब ने. 1924 साली मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाची भीती अशीच घालवली होती. मूल खात असताना ससा लांब ठेवायचा आणि बेताबेतानं जवळ आणायचा.

सगळं छान चाललेलं असताना एखाद्या सकाळी तो पहिल्यासारखा पळेल. फिटलेली भीती अशी मध्येच डोकं वर काढते. दोन पावलं मागं जा आणि तिथून पुन्हा धर.

साखळी ऐकून तो आपणहून शेपटी हलवत आला, की मगच ती अडकव आणि थेट केळीच्या मळ्याकडे फिरवून आण. दवाखाना त्यानंतर. दुपारी तिथं गर्दी नसते. नुसतं ओट्यावर बसायचं, आत जायचं नाही, चार तुकडे द्यायचे आणि घरी यायचं. डॉक्टर ओळखीचे असतील तर त्यांच्याच हातून एखादा तुकडा मिळू दे. पुढची लस लांब आहे, तोवर अशा बिनसुईच्या चकरा जितक्या होतील तितक्या कर.

फटाक्यांचं विचारलं आहेस, त्याची पोळ्याच्या सुमाराला आठवण कर. दिवाळीच्या तोंडावर सुरुवात करून काही साधत नाही.

तुझे,
काका