कुबरनेटीसची घाई नको, आधी कंपोज शीक

थेट कुबरनेटीसला, म्हणजे अनेक मशीनवरचे कंटेनर सांभाळणाऱ्या सिस्टिमला, हात घालू नकोस. (कंटेनर म्हणजे ॲप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधून वेगळा चालवलेला डबा.) फायनल इयरच्या प्रोजेक्टला डॉकर कंपोज, म्हणजे एकाच मशीनवर अनेक कंटेनर एकत्र चालवायचं साधन, सहज पुरतं. एक वेब ॲप, एक पोस्टग्रेस (डेटाबेस), एक रेडिस (मेमरीत डेटा ठेवणारा स्टोअर), एवढंच एका यामल फाइलमध्ये (सेटिंग लिहायची टेक्स्ट फाइल) लिही; यातली प्रत्येक एक सर्व्हिस. तयार फाइल उचलू नकोस, प्रत्येक ओळ स्वतः टाइप कर.

नवीन मुलांचा सगळ्यात जास्त वेळ खातं ते लोकलहोस्ट, म्हणजे 'हेच मशीन' असा पत्ता. कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनरच, तुझा लॅपटॉप नव्हे. म्हणून ॲपमध्ये डेटाबेसचा पत्ता म्हणून यामल फाइलमधलं सर्व्हिसचं नाव दे, उदाहरणार्थ 'डीबी'. डेटाबेसचा पोर्ट ५४३३:५४३२ (लॅपटॉप:कंटेनर) असा जोडला असशील, तर ५४३३ लॅपटॉपवरून वापरायचा. कंटेनर आपापसात ५४३२ वरच बोलतात. कागदावर चित्र काढून बघ, खरंच डोक्यात बसतं.

ॲपला आधी डेटाबेस हवा म्हणून यामलमध्ये नुसतं 'डिपेंड्स ऑन' लिहिलंस तर डेटाबेसचा कंटेनर सुरू होईपर्यंतच थांबलं जातं; तो कनेक्शन घ्यायला तयार आहे का, हे कुणी बघत नाही. त्यासाठी हेल्थचेक, म्हणजे डेटाबेस तयार आहे का ते तपासणारी कमांड, लिही आणि 'सर्व्हिस हेल्दी' ही अट घाल.

डेटा नेम्ड व्हॉल्यूममध्ये, म्हणजे कंटेनर काढला तरी टिकणाऱ्या नाव दिलेल्या जागेत, ठेव. मात्र कंटेनर बंद करून काढणाऱ्या 'डाउन' कमांडला व्ही फ्लॅग (-v) लावलास की तो व्हॉल्यूमही पुसला जातो, तेव्हा सबमिशनच्या आदल्या रात्री हा फ्लॅग लावूच नकोस. अडलास तर आधी लॉग वाच, मग बिनधास्त विचार, पण लॉग सोबत दे.