बनावट खाते दिसले की आधी पुरावा, मग रिपोर्ट

गोव्यातल्या डिचोलीच्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजात शिकणाऱ्या मुलीचे नाव आणि फोटो वापरून कोणीतरी इन्स्टाग्रामवर खाते काढले आहे, तिथून वाड्यावरच्या मुलांना घाणेरडे मेसेज जातात आणि घरचे म्हणतात, तिचा मोबाईलच काढून घ्या.

ताई, मोबाईल काढून घेऊ नका. ते खाते दुसऱ्याच्या हातात आहे, तिचा मोबाईल कपाटात ठेवल्याने ते बंद पडणार नाही. उलट पुढच्या वेळी काही घडले तर ती तुम्हाला सांगणार नाही, आणि मला खरी भीती त्याचीच वाटते. मुलीने स्वतःहून येऊन सांगितले, हे तुमच्या घराचे मोठे बळ आहे.

दुसरे, वाड्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकून ‘सगळ्यांनी रिपोर्ट मारा’ असे सांगू नका. तोतयेगिरीच्या तक्रारीत इन्स्टाग्राम फक्त ज्याची नक्कल झाली त्या व्यक्तीचे किंवा तिच्या वतीने बोलणाऱ्याचे, म्हणजे आईवडिलांसारख्यांचे, ऐकते. गावभरच्या रिपोर्टने ते काम होत नाही. शिवाय ज्यांनी ते खाते पाहिलेही नव्हते, त्यांच्यापर्यंत आपणच ते पोचवतो. आपल्याकडे एका वाड्यावरची गोष्ट संध्याकाळपर्यंत तीन गावांत जाते.

रिपोर्ट करण्याआधी पुरावा जमवा, कारण खाते उडाले की तुमच्या हातात काहीच राहत नाही. नुसता फोटोचा स्क्रीनशॉट पुरत नाही. युजरनेम दिसेल असा स्क्रीनशॉट हवा आणि प्रोफाइलची लिंक कॉपी करून वेगळी जपायला हवी. नाव बदलून पळ काढणारे पुष्कळ असतात. ज्या मुलांना मेसेज आले त्यांना सांगा: उत्तर देऊ नका, पण चॅट पुसूही नका. तारीख-वेळ दिसणारी ती चॅटच पोलिसांना सर्वात उपयोगी पडते.

मग मुलीने ‘माझी नक्कल केली आहे’ हा पर्याय निवडून तक्रार करावी. ओळखपत्राचा फोटो मागतील, तो त्यांच्या फॉर्ममध्येच द्यावा, मदत करतो म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला नव्हे. हा फॉर्म इन्स्टाग्रामवर खाते नसलेल्यालाही भरता येतो, म्हणजे गरज पडल्यास तुम्हीसुद्धा भरू शकता.

त्याच दिवशी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवा. नाव न देता तक्रार करायची सोय तिथे आहे, पण मग तिचे पुढे काय झाले ते पाहता येत नाही. म्हणून नावानिशीच करा. तिची प्रत घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा रायबंदरच्या सायबर ठाण्यात जा. अशा प्रकरणांत बहुधा माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६ सी (दुसऱ्याच्या ओळखीचा गैरवापर) आणि ६६ डी (तोतयेगिरी करून फसवणूक) ही कलमे लागतात. दोन्हींत ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड आहे. ‘खाते गेले ना, मग सोडा आता’ असे कोणी म्हटले तरी लेखी पोच घेतल्याशिवाय परतू नका. याच कायद्याखालच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे काढलेला मजकूर आणि त्याच्या नोंदी कंपनीला तपासासाठी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. माणूस शोधायचा तर पोलिसांनी त्या मुदतीत मागणी करायला हवी, म्हणून उशीर नको.

फोटो विकृत करून धमकी आली, तर पैसे देऊ नका; एकदा दिले की मागणी वाढते. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. मुलगी १८ पूर्ण असेल तर ‘स्टॉप एनसीआयआय’ या संकेतस्थळाची मदत घ्या. तिथे फोटो तुमच्या मोबाईलमधून बाहेर जात नाही, फक्त त्याची डिजिटल खूण तयार होते आणि सहभागी कंपन्या त्या खुणेवरून तो फोटो अडवतात. १८ खालच्या मुलांसाठी असेच काम करणारे ‘टेक इट डाउन’ आहे.

आता तिच्या खऱ्या खात्याकडे. माझ्या मते फोटोंपेक्षा मित्रांची यादी जास्त जपायला हवी. फोटो कुठूनही मिळतो, पण मेसेज नेमके वाड्यावरच्याच मुलांना गेले याचा अर्थ कोणीतरी तिची यादी पाहिली आहे. खाते प्रायव्हेट केले की ती यादी बाहेरच्यांना दिसत नाही. मात्र आत आधीच बसलेल्यांना दिसतच राहते, म्हणून न ओळखणारे फॉलोअर एकेक करून काढा. काढल्याचा निरोप त्यांना जात नाही. फेसबुकवर फ्रेंड्स लिस्ट ‘ओन्ली मी’ करा. व्हॉट्सॲपचा प्रोफाइल फोटो फक्त कॉन्टॅक्टना दिसू द्या आणि टू-स्टेप पिन लावा. चवथीला मूळ घरी गेल्यावर माटोळीचे, म्हणजे गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या सजावटीचे, फोटो खुशाल टाका, पण परतल्यावर. इकडचे घर बंद आहे हे जगाला कळायची गरज नाही.

पोर्टलवरचा तक्रार क्रमांक मिळाला की कागदावर लिहून ठेवा, पुढची प्रत्येक विचारणा त्यावरच होते. फॉर्म भरताना कुठे अडलात तर इथे विचारा. फक्त त्या खात्याची लिंक आणि मुलीचे नाव इथे टाकू नका.