कारशेडची अॅप्रेंटिसशिप सोडून जर्मनीला येऊ का?

तू विचारलंयस की कुर्ला कारशेडला इलेक्ट्रिशियन ट्रेडची अॅप्रेंटिसशिप संपायला चार महिने उरलेत, आणि एजंट म्हणतोय आत्ताच सोड, जर्मनीत आउसबिल्डुंगला (कंपनीत काम करत ट्रेड शिकायच्या इथल्या कोर्सला) जागा आहे. मी परळ वर्कशॉपमधून अॅप्रेंटिसशिप करून इकडे आलो, म्हणून सरळच सांगतो: ट्रेड टेस्ट, म्हणजे अॅप्रेंटिसशिपची शेवटची परीक्षा, दिल्याशिवाय हलू नकोस.

रेल्वेत कायम होशील याची खात्री नाहीच. लेव्हल १ च्या, म्हणजे सगळ्यात खालच्या श्रेणीच्या, भरतीत अॅप्रेंटिस पूर्ण केलेल्यांना २० टक्के जागा राखीव आहेत, आणि त्यावरूनच २० मार्च २०१८ ला पोरं माटुंगा-दादरच्या रुळांवर उतरली होती. पण इकडे त्याच सर्टिफिकेटला किंमत आहे. न्युरेंबर्गला आयएचके फोसा म्हणून कचेरी आहे. ती तुझं आयटीआय आणि अॅप्रेंटिसशिप इथल्या अभ्यासक्रमाशी ताडून पाहते. अर्धी मान्यता मिळाली तरी उरलेलं कंपनीत काम करता करता भरून काढता येतं. नाहीतर साडेतीन वर्षांची आउसबिल्डुंग पहिल्यापासून. अर्धवट सोडलीस तर ताडून बघायला हातात फक्त आयटीआयची मार्कशीट.

कामाची भीती बाळगू नकोस. रेक (पूर्ण गाडी) शेडमध्ये लागला की आयसोलेटर (वीज तोडायचा स्विच) उघडा, तार जमिनीला जोडून अर्थ करा, कामाचं परमिट घ्या, मगच छपरावर चढून पेंटोची (तारेतून वीज घेणाऱ्या दांड्याची) कार्बन पट्टी कितपत झिजलीय, कुठे टवका उडालाय ते बघा, हे तुझ्या अंगात मुरलेलं असणार. इथे तेच पाच नियम म्हणून घोकून घेतात: वीज तोडा, कुणी परत चालू करणार नाही याचा बंदोबस्त करा, वीज नाही हे मोजून बघा, अर्थ करून शॉर्ट करा, शेजारचे जिवंत भाग झाका. क्रमसुद्धा पाठ हवा. बाकी फरक आकड्यांचा. तारेत २५ हजार व्होल्टऐवजी १५ हजार, ५० हर्ट्झऐवजी १६.७, आणि रूळ १६७६ मिलिमीटरऐवजी १४३५. आपले जुने मिस्त्री १५०० व्होल्ट डीसीवर घडले, २०१६ ला हार्बर लाइन एसीवर गेली तेव्हा त्यांनी उतारवयात नवं शिकलंच की!

त्रास होतो तो भाषेचा. आउसबिल्डुंगच्या व्हिसाला साधारण बी-वन (जर्मनची मधली पातळी) लागतं, पण शेडमधला फोरमन पुस्तकातलं जर्मन बोलत नाही. शिवाय बेरिष्ट्सहेफ्ट नावाची वही असते. काय काम केलं, काय शिकलो ते जर्मनमध्ये लिहून त्यावर उस्तादाची सही घ्यायची. ती वही पूर्ण नसेल तर परीक्षेला बसू देत नाहीत. कुर्ल्याहून पहिली पाळी संपवून काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मनच्या संध्याकाळच्या वर्गाला पोचता येतं, गाडी तर तुझ्याच शेडची.

एजंट किती मागतोय ते तू लिहिलं नाहीस. कंपनीतल्या आउसबिल्डुंगला फी नसते, उलट कंपनीच दरमहा पगार देते. तो 'सीट'चे पैसे म्हणत असेल तर बाबांना पीएफ मोडू देऊ नकोस. कराराची प्रत माग. त्यावर कंपनीचं नाव, ट्रेड, मुदत, पगार आणि चेंबरकडे (तिथल्या उद्योग-व्यापार मंडळाकडे) नोंद झाल्याचा शिक्का आहे का बघ, आणि फोटो मला पाठव.