यादी पाठवत नाही

अनेक आशीर्वाद.

सी-ट्राउट आणि सॅमन धरायला ह्यू फॉल्कसच्या फ्लायची, म्हणजे पिसं बांधलेल्या गळांची, यादी मागितलीस. ती पाठवत नाही. त्यातल्या दोन-तीन फ्लाय पुढे ओघात येतील, पण पिसांनी पेटी भरली म्हणून फॉल्कस हाती लागत नाही. पेटी भरलेली आणि पाटी कोरी अशी मंडळी इंग्लंडातल्या प्रत्येक नदीकाठी भेटतील तुला.

आधी माणूस. मासेमारीवर लिहिणारा आणि चित्रपट करणारा इंग्रज. जन्म 1917, मृत्यू 1996. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर या लढाऊ विमानाचा वैमानिक. 1940 मध्ये फ्रान्सवर विमान पडलं आणि उरलेलं युद्ध जर्मनांच्या कैदेत गेलं. 1951 मध्ये आयर्लंडच्या अचिल बेटाजवळ चित्रीकरणाच्या वेळी बोट बुडाली. मदत आणायला हा पोहत किनाऱ्याला लागला, पण पत्नी वाचली नाही. नंतर कंब्रियातल्या एस्क नदीच्या खोऱ्यात जो राहिला तो शेवटपर्यंत. स्वभावाने तापट आणि हेकट होता, घरच्यांना आणि मित्रांना जड गेला. आदर ठेवायचा तो त्याच्या नजरेबद्दल. स्वभावाचं अनुकरण कशाला?

ही नजर समजायची तर मासेमारीच्या जरा बाहेर जावं लागतं. निको टिनबर्गन या प्राणिवर्तनाच्या अभ्यासकाबरोबर त्याने समुद्री कुरव पक्ष्यांच्या इशाऱ्यांवर एक चित्रपट केला. त्याला 1969 चा इटालिया पुरस्कार मिळाला आणि टिनबर्गनला 1973 मध्ये नोबेल. कुरव मान अमुक कोनात का वळवतो, असं विचारणारा माणूस पाण्याकडे वळला की मासा या घटकेला, या जागी, असा का वागतोय, हेच विचारणार. सी-ट्राउट या माशावरचं त्याचं पुस्तक 1962 मध्ये आलं. पुढे ते त्याने पुष्कळ वाढवलं. त्याचा कणा हाच प्रश्न आहे.

आता मासा. आपल्या बाजारात रावस ‘इंडियन सॅमन’ म्हणून विकतात, ते डोक्यातून काढून टाक. रावसाचं आणि सॅमनचं काही नातं नाही. सी-ट्राउट म्हणजे नदीतला तपकिरी ट्राउटच, जात तीच. फरक इतकाच की हा समुद्रात जाऊन पोसतो, चंदेरी होतो आणि अंडी घालायला गोड्या पाण्यात परत येतो. आपल्याकडे हिलसा असाच नदी चढतो. वेल्समध्ये त्याला सूइन म्हणतात, डेव्हनमध्ये पील, स्कॉटलंडात लहान असेल तर फिनॉक. सॅमनपासून ओळखायचा तर शेपूट बघ. सॅमनचं शेपूट आत वळलेलं आणि त्याच्या मुळाशी निमुळतं मनगट, तिथे धरून उचलता येतो. सी-ट्राउटचं शेपूट जवळजवळ सरळ कापलेलं, तो हातातून सटकतो. शंका राहिली तर शेपटाजवळच्या मांसल लहान परापासून अंगावरच्या मधल्या रेषेपर्यंत तिरके खवले मोज. सॅमनला 10 ते 13, सी-ट्राउटला 13 ते 16. ही ओळख हौसेची नाही. दोघांचे नियम वेगळे आहेत आणि अंधारात चूक झाली तर दंड तुलाच.

नदीत आलेला सॅमन खात नाही आणि सी-ट्राउट फारच थोडं खातो. मग फ्लायला तोंड का लावतो? समुद्रातली खाण्याची सवय, हद्दीत शिरलेल्याचा राग, चीड, कुतूहल, अशी कारणं फॉल्कस मांडतो. भूक त्यात नाही. म्हणून ‘आज त्यांना कुठला किडा आवडतोय’ हा ट्राउटवाल्यांचा प्रश्न इथे चालत नाही. फ्लाय कुठे आहे, किती खोल आहे आणि किती वेगाने चाललीय, एवढंच बघायचं.

सी-ट्राउट दिवसा भित्रा असतो, म्हणून गरवायचं रात्री. फॉल्कसचं सगळ्यात मोठं देणं म्हणजे त्याने रात्रीची फुटबॉलच्या सामन्यासारखी वाटणी केली: पूर्वार्ध, मध्यंतर, उत्तरार्ध. अंधार पडल्यापासून साधारण मध्यरात्रीपर्यंत मासे हलते असतात. डोहातून निघून त्याच्या शेपटाच्या, म्हणजे खालच्या टोकाच्या, उथळ पाण्यात येतात, उड्या मारतात, पृष्ठभागाजवळ असतात. मग एकाएकी सगळं थंडावतं. बहुतेक जण इथेच सामान आवरून घरी जातात. फॉल्कसचं म्हणणं, मासे गेले नाहीत, खाली बसलेत. तूही बस, चहा पी, आणि तरंगती दोर बदलून बुडणारी लाव.

पूर्वार्धाची सर्वांत मोठी चूक म्हणजे घाई. जुलैच्या सुरुवातीला कंब्रियात सूर्य पावणेदहाच्या सुमाराला मावळतो, पण खरा काळोख पडायला अकरा वाजतात. पलीकडच्या काठावरच्या झाडाची पानं वेगळी दिसताहेत तोवर दोर पाण्यात टाकू नकोस. उजेडात डोहाच्या शेपटावर एक दोर सपकन पडली, की तिथे येऊ घातलेले मासे उलटे फिरतात आणि मग तासभर डोह मेल्यासारखा होतो. तू म्हणशील आज मासाच नाही. तो होता, तूच हाकललास.

त्याआधी दुपारी येऊन डोह पाहून ठेव. दगड कुठे, झाडाची फांदी किती खाली आलीय, शेपटापाशी खोली किती, पाण्यात उतरायची गरज आहे का. नसेल तर उतरूच नकोस. संथ पाण्यात पायाने उठलेली लाट थेट माशापर्यंत जाते.

सामान साधं ठेव. दहा फुटी, सात नंबर वजनाच्या दोरीला जुळणारी काठी आणि तरंगती दोर. लीडर, म्हणजे दोरीच्या टोकाला फ्लाय बांधायचा बारीक दोरा, नऊ फुटांचा, दहा पौंड ताकदीचा. याहून बारीक नको. अंधारात मासा दोरा बघून बिचकत नाही, आणि दोन पौंडांचा मासाही हवेत उडी मारून बारीक दोरा तोडतो. फ्लाय फॉल्कसच्या ‘मेडिसिन’ धाटणीची घे: बारीक तारेचा हलका गळ, चंदेरी अंग, निळ्या पिसाची मान, वर करड्या पट्ट्यांचं सडपातळ पीस, लांबी दीड-दोन इंच. गळ हलका का? फ्लाय मंद पाण्यातही सपाट तरंगत राहावी म्हणून. जाड गळाची फ्लाय शेपूट खाली टाकून लोंबते.

काठीला पहिला लीडर घरूनच बांधून आण आणि फ्लाय लावलेले आणखी दोन बुचावर गुंडाळून खिशात ठेव. गुंता झाला तर सोडवत बसू नकोस, काप आणि दुसरा लाव. बॅटरी लावायचीच तर पाण्याकडे पाठ करून, नदीपासून दूर. दोरीवर बारा मीटरच्या खुणेला दोऱ्याचे पाच-सहा वेढे घालून वर वार्निश लाव. अंधारात बोटाला ती गाठ लागली की दोर किती बाहेर आहे ते कळतं, आणि पलीकडच्या झुडपात फ्लाय अडकत नाही.

फेक पाच-सहा मीटरपासून सुरू कर, जवळचे मासे आधी. प्रवाहाला तिरकी, खालच्या अंगाला साधारण 45 अंशांत टाक. काठीचं टोक खाली, दोरीच्या रेषेत. डाव्या हाताने दोर इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी बोटांत गोळा करत सावकाश ओढ. फ्लाय आपल्या काठाला आली की एक पाऊल खाली सरकायचं आणि पुन्हा तेच. दर दहा-बारा फेकींनंतर लीडर बोटांतून फिरवून बघ. वाऱ्याने नकळत पडलेली एक गाठ दोऱ्याची ताकद खाते, आणि रात्री तुटलेल्या माशांपैकी बरेच त्या गाठीचेच असतात. चावा कधी झटका असतो, कधी नुसती ओढ. काहीही जाणवलं की काठी शांतपणे उचल. हिसका मारू नकोस, या माशाचं तोंड मऊ असतं. उडी मारली की टोक खाली कर. हातजाळी आधी पाण्यात बुडवून स्थिर धर आणि मासा तिच्यावर ओढून आण. जाळी घेऊन माशामागे धावलीस तर जाळीच्या कडेला गळ अडकतो आणि मासा जातो.

नुसतीच शेपूट धरून ओढणारे, न लागणारे चावे येऊ लागले तर त्यावर फॉल्कसचा उपाय आहे: फ्लायच्या मागे छोटा गळ जोडून त्याला दोन-तीन अळ्या लावायच्या. पण पाणी फक्त फ्लायसाठी राखीव असेल तर अळी चालत नाही. आधी विचार.

उत्तरार्धात बुडणारी दोर आणि अडीच-तीन इंचांचं, हलकं, मागेपुढे दोन गळांचं आमिष. ओढ जवळजवळ नाहीच. प्रवाह हलवेल तेवढं पुरे. इथे लोक चुकतात ते कंटाळ्याने: चावा येत नाही म्हणून ओढण्याचा वेग वाढवतात, मग आमिष माशाच्या डोक्यावरून वर निघून जातं. रात्री दोन वाजता तासभर काहीच नाही आणि मग एकच मासा, पण सर्वांत मोठा, असं इथे होतं. पाण्यावर धुकं धरलं असेल, हवा पाण्यापेक्षा गार असेल किंवा डोहावर थेट चंद्र असेल, तर मात्र खुशाल घरी जा.

पाण्यात उतरावं लागलंच तर वेडरचा, म्हणजे पाण्यात उतरायच्या जलरोधक विजारीचा, पट्टा कमरेला घट्ट आवळ आणि टेकायची वेगळी काठी घेऊन एकेक पाय टाक. अनोळखी पाण्यात प्रवाहाबरोबर खाली चालत जाऊ नकोस. परत चढता येत नाही. पडलीस तर उताणी हो, पाय प्रवाहाच्या दिशेला, हात पसरून, आणि उथळ येईपर्यंत वाहत जा. वेडरमधल्या हवेने माणूस उलटा होतो ही निव्वळ बाजारगप्प आहे. डोळ्यांवर पारदर्शक चष्मा रात्रीही हवा.

सॅमनबद्दल थोडक्यात, कारण ते पत्राने शिकवता येत नाही. फॉल्कस उतारवयात क्रॅग या आपल्या घरी लोकांना स्पे-कास्टिंग शिकवत असे. मागे झाडं किंवा कडा असेल तिथे दोर पाठीमागे न नेता दोन्ही हातांच्या लांब काठीने फेकण्याची ही पद्धत, नाव स्कॉटलंडच्या स्पे नदीवरून. वारा नदीच्या वरच्या अंगाला वाहत असेल तर सिंगल स्पे, दोर नदीच्या वरच्या अंगाच्या खांद्याकडे. वारा खालच्या अंगाला असेल तर डबल स्पे, दोर खालच्या अंगाच्या खांद्याकडे. उलट केलंस तर वारा गळ तुझ्याच तोंडावर आणतो. हवामानाची हौस म्हणून निवड नसते, कान आणि डोळे वाचवायची असते.

सराव गवतावर करू नकोस. दोरीचं टोक पाण्याला क्षणभर चिकटतं, त्याच्या ताणावर काठी वाकते. गवत ती पकड देत नाही, आणि चुकीचा जोर हाताला लागून जातो. टोक पाण्यातून फाटल्यासारखा आवाज करत निसटत असेल, तर तू उचल फार वेगाने करतेस. दोर पुढे ढिगासारखी पडत असेल, तर टोक लक्ष्याच्या रेषेत ठेवलेलं नव्हतं. दोन्हीला उपाय एकच: उचल निम्म्या वेगाने, जोर शेवटच्या क्षणी. आणि सॅमनने फ्लाय घेतली की हात आखडता ठेव. तो वळून दोर जड झाल्याशिवाय काठी उचलायची नाही. सी-ट्राउटची सवय इथे नडते.

एका बाबतीत फॉल्कसचं जसंच्या तसं करू नकोस. त्याच्या काळी मासे मुबलक होते. डिसेंबर 2023 मध्ये ग्रेट ब्रिटनमधला अटलांटिक सॅमन धोक्यातल्या प्रजातींत गेला. इंग्लंडात 16 जूनआधी धरलेला प्रत्येक सॅमन सोडावाच लागतो, आणि अनेक नद्यांवर वर्षभर. सॅमन आणि सी-ट्राउटसाठी परवाना वेगळा काढावा लागतो, साध्या ट्राउटचा चालत नाही. वर्षाअखेर पकडीचा तक्ताही भरायचा, एकही मासा नसला तरी. म्हणून त्याचे तिकाटी, म्हणजे तीन टोकांचे, गळ ठेवून दे. टोकाजवळचा उलटा काटा दाबून टाकलेले एकेरी गळ वापर. मासा पाण्याबाहेर काढू नकोस, हात ओले ठेव, तोंड प्रवाहाकडे करून तो आपणहून निघून जाईपर्यंत धर.

एक तुझ्यासाठी म्हणून. ब्रिटनमध्ये काठीने धरलेला सर्वांत मोठा सॅमन एका स्त्रीचा आहे: जॉर्जिना बॅलन्टाइन, टे नदी, 7 ऑक्टोबर 1922, 64 पौंड. क्लबात कोणी हलकी काठी देऊ लागला तर हा आकडा सांग.

पुढच्या पत्रात फ्लायचं काही विचारू नकोस. तुझ्या डोहाचा नकाशा काढून पाठव: लांबी पावलांत, शेपटापाशी खोली, अडथळे, आणि तीन रात्री नुसतं काठावर बसून पहिली उडी किती वाजता ऐकू आली त्या वेळा. काठी घरी ठेवून जा.

तुझा,
काका